मलप्पुरमचा नऊ नंबर

"टायर गेलाय दादा. पंक्चर न्हाई, गेलाच."

ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन नातेवाइकांना सांगावं, तशा आवाजात शाजीनं मला हे सांगितलं. कागलच्या अलीकडे हायवेला त्याच्या मामाचं टायरचं दुकान होतं. पत्र्याची शेड, पुढं पाण्याची टाकी आणि टायरची चळत. मी गुळाच्या ढेपा भरून टेंपो निपाणीकडे काढला होता. पण माझं डोकं गुळातही नव्हतं आणि टायरमध्येही नव्हतं.

"घाल दुसरा," म्हणालो आणि टाकीच्या कठड्यावर बसलो.

शेजारी एका ट्रकचा टायर रिमला चिकटून बसला होता. ट्रकवाला हातोड्यानं ठोकून दमला होता. शाजीनं त्याला बाजूला केलं, टायरभोवती एक फेरी मारली आणि एका ठरावीक जागी टाचेनं अशी लाथ घातली की टायर धप्पकन सुटला.

मी त्याच्या पोटऱ्यांकडे बघितलं. दुधी भोपळ्यासारख्या पोटऱ्या.

"शाजी, तू केरळचा न्हवं?"

"व्हय की. मलप्पुरम."

"तिकडं फुटबॉल लई खेळतात म्हणं."

"लई म्हंजे? अख्खी गावं खेळत्यात. लग्नाच्या वरातीतला नवरा खाली उतरून मॅच बघतोय."

"आणि तू?"

तो हसला. "मी कधीच न्हाई. दहा वर्षांचा असल्यापासनं दुकानात. तिकडं आमच्या दुकानाला लागूनच मैदान होतं. ती सगळी खेळायची, मी त्यांच्या सायकलींची पंक्चर काढायचो. एकदा विचारलं होतं, मला घेता का म्हणून."

"मग?"

"कुणाची तरी सायकल आली," तो म्हणाला आणि जॅक लावायला वाकला.

मी ते ऐकलं, पण कानाआड केलं. माझ्या डोक्यात भलतंच काहीतरी शिजायला लागलं होतं.

ही मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. मी, यशवंत टिपुगडे, तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, कोल्हापुरातल्या तेलवेस तालीम मंडळाचा गोलकीपर आणि कॅप्टन. पेठ आमची एवढीशी. एका टोकाला शिंक आली तर दुसऱ्या टोकाचा माणूस 'जीते रहो' म्हणायचा. पण चाळीस वर्षं आमचा संघ वरच्या गटात खेळत होता. त्या साली मात्र आम्ही तळाला आलो होतो. शेवटचे दोन संघ खालच्या गटात जाणार होते आणि आम्ही खालून तिसरे होतो. एक मॅच राहिली होती. त्यात बरोबरी झाली तरी वाचणार, हरलो की खाली.

आणि मॅच होती बुरूज तालमीशी.

बुरूज म्हणजे आमच्या शेजारची पेठ. त्यांच्या पाठीशी एक बिल्डर होता. आमचे तीन फॉरवर्ड त्यांनी हंगामाच्या मध्यात फोडले, एकेकाला मोटरसायकल देऊन. आमच्याकडे द्यायला सकाळचा नाष्टा होता, तोही पोहेच. त्यात एकाला टायफॉईड झाला. उरले दहा. बुरूजवाल्यांनी आम्हाला पोचवायला तिरडी बांधायची ठरवली होती. बांबू आणले होते आणि ते आम्हाला येता-जाता दिसावेत म्हणून चौकात उभे करून ठेवले होते. त्यांना हार घातलेला.

आता अकरावा म्हणून उभं करायला पेठेत माणसं होती. पण पेठेतल्या प्रत्येकाला बुरूजवाले लंगोटात असल्यापासून ओळखत होते. कोण डाव्या पायानं मारतो, कोण पळताना धापा टाकतो, सगळं त्यांना पाठ. मला असा माणूस पाहिजे होता, ज्याच्याबद्दल त्यांना काहीच ठाऊक नाही.

"शाजी," मी म्हणालो, "रविवारी दुकान बंद ठेवशील?"

सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "दादा, मला बॉल थांबवता पण येत न्हाई."

"बॉलजवळ जायचंच नाही. त्यांच्या गोलजवळ कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. बाकी आम्ही बघतो."

"नुसतं उभं?"

"नुसतं उभं. आणि तोंडातनं शब्द काढायचा नाही. तू बोललास की कागल कळतंय."

त्यानं रबराच्या चिकट्यानं काळे झालेले हात पुसले. "जर्सी मिळणार?"

"नऊ नंबर."

"येतो," तो म्हणाला.

आता राहिले वस्ताद.

हिंदुराव वस्ताद आमच्या तालमीचे प्रमुख. वय सत्तरच्या पुढं, मिशा पांढऱ्या, आवाज हौदातून आल्यासारखा. त्यांच्या परवानगीशिवाय तालमीत खुंटीवरचा लंगोटसुद्धा हलत नव्हता. मी बेत सांगितला. ते बराच वेळ मारुतीच्या मूर्तीकडे बघत राहिले.

"यशवंता, माणूस नोंदवायला हरकत नाही. नियमात बसतंय. पण तालमीच्या नावानं एक शब्द खोटा बोललास तर याच्यापुढं नाक घासायला लावीन."

"वस्ताद, एक शब्दसुद्धा खोटा बोलणार नाही."

"बघ हं."

"शप्पथ."

ती शपथ मी पाळली. फुटबॉल संघटनेच्या ऑफिसात जाऊन अर्ज भरला : शाजी थॉमस, मूळ गाव मलप्पुरम, केरळ. अक्षर न् अक्षर खरं. मग तिथून थेट रंगाच्या सोड्याच्या गाड्यावर गेलो.

रंगाचा गाडा बुरूज आणि तेलवेस यांच्या बरोबर मध्ये उभा असायचा. दोन्ही पेठांचं पोट रंगाच्या सोड्यानं हलकं व्हायचं आणि मनही तिथंच हलकं व्हायचं. सकाळी रंगाला सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत पंचगंगेच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायका बोलायच्या.

रंगानं बाटली फोडली आणि हळूच विचारलं, "कुणीतरी केरळचा आणलाय म्हणं?"

"आणलाय एक."

"केरळात कुठला?"

"मलप्पुरम."

रंगाचा हात थांबला. "आयला! तिथं तर फुटबॉलच खात्यात आणि फुटबॉलच पित्यात."

"तसं म्हणतात खरं."

"खेळायला कसा हाय?"

मी सोड्याचा घोट घेतला. "तो वाईट खेळला, असं सांगणारा माणूस मला तरी अजून भेटला नाही."

"गोल किती मारल्यात?"

"मोजदाद नाही, रंगा. कुणी ठेवलीच नाही."

"पायात दम?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय. रिमला चिकटलेला ट्रकचा टायर एका लाथेत सुटा केला."

रंगा गाड्यावरून पुढं वाकला. "सराव म्हणून करतोय?"

"रोज करतो. पहाटेपासून."

"किती दिलंसा त्याला?"

"एक रुपया नाही. नुसत्या जर्सीवर यायला तयार झाला. नऊ नंबर म्हटल्यावर 'येतो' म्हणाला."

हेही खरंच होतं. पण रंगाच्या चेहऱ्यावर असा भाव आला की, पैशाकडे न बघणारा खेळाडू म्हणजे केवढा मोठा असेल! मी सोडा संपवायच्या आत तो एका गिऱ्हाइकाला 'आलोच' म्हणून बुरूजच्या दिशेनं पसार झाला. बाटलीचे पैसे घ्यायचे राहिले.

संध्याकाळी वस्तादांनी मला समोर बसवून सगळं संभाषण पुन्हा म्हणून घेतलं. पाढे म्हणून घ्यावेत तसं. प्रत्येक वाक्याला विचारायचे, "हे खरं?" मी म्हणायचो, "खरं." शेवटपर्यंत तसं झालं. मग त्यांनी उपरणं तोंडावर घेतलं आणि खोकल्याची उबळ आल्यासारखं केलं. ती उबळ बराच वेळ टिकली.

शनिवारपर्यंत चौकातल्या बांबूंवरचा हार सुकला. कुणी बदलला नाही.

रविवारी चार वाजता आम्ही मैदानात उतरलो. ऊन मरणाचं होतं, तरी गॅलरी भरलेली. शाजीनं नऊ नंबर घातला होता. तो सगळ्यांच्या शेवटी आला, कारण बुटांचे बंद कसे बांधायचे हे आमच्या मुन्ना बागवाननं त्याला आत दाखवलं. मुन्ना आमचा उरलेला एकमेव फॉरवर्ड. पण लोकांना वाटलं, मोठे खेळाडू असेच सावकाश येतात.

"हाच तो," गॅलरीतून आवाज आला. मग सगळीकडून तेच.

बुरूजचा कॅप्टन होता उत्तम वडणगेकर. बॅकला खेळायचा. जिल्ह्यात त्याच्या तोडीचा बॅक नव्हता. माणूस डोक्यानं खेळणारा, आणि त्या दिवशी तेच डोकं आमच्या कामी आलं. शिट्टी झाली तसा तो आणखी एकाला घेऊन शाजीच्या दोन बाजूंना जाऊन उभा राहिला. शाजी कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत होता.

"कहाँ खेलता था?" उत्तमनं विचारलं.

शाजीनं त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा आभाळाकडे बघितलं.

नंतर उत्तमनं मला सांगितलं की, एवढा थंड माणूस आपण मैदानावर कधी बघितला नव्हता.

अर्धा तास शाजी तसाच उभा होता. कंटाळला की चार पावलं डावीकडे जायचा. दोन बॅक चार पावलं डावीकडे. एकदा तो बाजूच्या रेषेवर पाणी प्यायला गेला, तर ते दोघंही गेले आणि तो पिऊन होईपर्यंत थांबले. इकडे आमचे नऊ जण त्यांच्या उरलेल्यांशी झुंजत होते. माझ्या गोलवर बॉल येत होते, पण झेपण्यासारखे. नाहीतर आमच्या त्या वर्षीच्या खेळाला अर्ध्या वेळेतच तीन-चार गोल बसायला पाहिजे होते.

विश्रांतीत शाजी माझ्या शेजारी बसला. "दादा, ते दोघं लई घाबरल्यात."

"घाबरू देत."

"त्यातला तो उंच माणूस चांगला वाटतोय. मला लागू नये म्हणून सांभाळून चालतोय."

उत्तरार्धात त्यांनी गोल केला. आमच्याच एका जुन्या फॉरवर्डनं, मोटरसायकलवाल्यानं. बॉल माझ्या बोटांना घासून गेला. गॅलरीत हलगी सुरू झाली. मला वाटलं, झालं, ते बांबू कामाला येणार.

सात-आठ मिनिटं उरली असतील. आमचा एक जण उजव्या बाजूनं सुटला आणि त्यानं डोळे मिटून बॉल आत मारला. बॉल जमिनीलगत, तोफेसारखा, सरळ शाजीकडे.

शाजी घाबरला. त्यानं डोळे झाकले आणि साप दिसल्यावर माणूस उडी मारतो तशी दोन्ही पायांनी उडी मारली. बॉल त्याच्या पायाखालून गेला. उत्तम आणि त्याचा जोडीदार दोघंही शाजीवर झेपावले होते, त्यांचा गोलकीपरही शाजीवरच. आणि शाजीच्या मागं, कुणाचंही लक्ष नसलेला, मुन्ना उभा होता. त्यानं नुसता पाय लावला.

एक-एक.

गॅलरी फुटली. "काय सोडला! काय सोडला बॉल! आयला, ह्याला म्हणतात खेळाडू!" बुरूजचीसुद्धा जुनी माणसं कपाळाला हात लावून उभी होती. तसा बॉल सोडणं जातिवंतालाच जमतं, असं एक पेन्शनर सगळ्यांना समजावून सांगत होता.

मॅच तशीच संपली. आम्ही वाचलो. पेठ मैदानात शिरली. मुन्नाला उचललं, शाजीला उचललं. शाजी वर बसून दोन्ही हातांनी खालच्या माणसांचे केस धरून होता.

तालमीत परत आलो तेव्हा सगळे नाचत होते. शाजी मात्र पायरीवर बसून बूट काढत होता.

"काय रे? आजचा राजा तू."

"दादा, नव्वद मिनिटं झाली. एकदा पण बॉल पायाला लागला न्हाई."

मी हसलो. मोठ्यानं. "तुला काय करायचंय बॉलला पाय लावून? तुझं काम झालं!"

तोही हसला. बूट नीट जोडीनं ठेवले. वस्ताद दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते आत गेले.

महिन्याभरानं शाजी सकाळी सकाळी घरी आला. चेहरा उतरलेला.

"दादा, बुरूजवाले आलते. पुढच्या हंगामाला मला घ्यायचं म्हणत्यात. महिन्याला पगार, राहायला खोली."

मला ठसकाच लागला. "तू काय म्हणालास?"

"खरं तेच. म्हणलं, मला फुटबॉल येत न्हाई. ते हसले, आणि त्यांनी पगार वाढवला. मी म्हणलं, अवो खरंच, मी टायरचं काम करतोय. तर आणखी वाढवला."

"तिसऱ्यांदा सांगितलंस का?"

"भ्या वाटलं, दादा."

मी उठून आतल्या खोलीत गेलो, कारण त्याच्यासमोर हसणं बरं दिसलं नसतं. परत येऊन म्हणालो, "जा. खुशाल जा."

"त्यांना कळंल की ओ."

"तू फसवलंस का त्यांना?"

"न्हाई."

"मग? कळलं तर ते कुणाला सांगणार? सांगितलं तर अख्खं कोल्हापूर त्यांना हसेल."

आमचं ना-हरकत पत्र घेताना बुरूजवाल्यांनी तालमीला जी देणगी दिली, त्यातून आम्ही नवी जाळी, आठ बूटजोड आणि वर्षभराची केळी-अंडी घेतली. वस्तादांनी पत्रावर सही करायला पाच मिनिटं लावली. "त्या पोराला विचारलंस का नीट?" एवढंच म्हणाले. मी म्हणालो, "विचारायचं काय त्यात, पगार मिळतोय."

पुढचा हंगाम सुरू झाला. बुरूजच्या अकरा जणांत शाजी दिसेना. 'गुडघ्याला मार आहे' असं सांगण्यात येत होतं. आम्ही तेलवेसचे सात-आठ जण, ज्यांना ठाऊक होतं, गुडघ्याचं नाव काढलं की पोट धरून हसायचो. एकदा बाजारात तो मला भेटला. थोडा वाळला होता, रंग आणखी उन्हानं भाजलेला.

"काय नऊ नंबर, कसं चाललंय?"

"शिकतोय दादा."

"काय शिकतोयस?"

"फुटबॉल."

मी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की भाजीवाली दचकली. "भले! असंच सांगत जा सगळ्यांना!" तो काहीतरी बोलणार होता, पण मला हसू आवरेना आणि टेंपो मध्येच उभा होता, म्हणून निघालो.

आमची गत त्याही वर्षी तीच झाली. बुटांनी पाय झाकले गेले, पण पायांत जे नव्हतं ते बूट कुठून आणणार? हंगामाच्या शेवटी पुन्हा खालून तिसरे. पुन्हा शेवटची मॅच बुरूजशी. पुन्हा बरोबरी पुरणार होती.

त्या दिवशी मात्र आम्ही खेळलो. खरंच खेळलो. गुडघे माझे कुरकुरत होते तरी मी चार बॉल अडवले, त्यातले दोन कसे अडवले ते मलाही माहीत नाही. ऐंशी मिनिटं झाली तरी शून्य-शून्य. दहा मिनिटं काढली की वाचलो.

तेवढ्यात बुरूजनं एक खेळाडू बदलला. बाजूच्या रेषेवर शाजी उभा होता.

आमच्या बाकावरून हसण्याची लाट आली. मुन्ना मैदानात गुडघ्यावर हात ठेवून हसला. मलाही हायसं वाटलं. देवच पावला, त्यांनी आपणहून एक माणूस कमी केला! शाजी आत आला आणि आमच्या गोलजवळ येऊन उभा राहिला. कमरेवर हात नव्हते, पण ते मला तेव्हा खटकलं नाही. आमचे दोन बॅक सवयीनं त्याच्याजवळ गेले.

"ए, सोडा त्याला!" मी गोलमधून ओरडलो. "तिकडं उत्तम पुढं आलाय, त्याला धरा! ह्याच्याजवळ थांबू नका. ह्याला येत नाही!"

बॅक मागं वळून बघायला लागले.

"अरे मी सांगतोय न्हवं! मीच आणलावता त्याला!"

ते उत्तमकडे गेले. शाजीनं माझ्याकडे बघितलं. मी त्याला डोळा मारला. त्यानं मान खाली घातली.

पाच मिनिटं गेली. उत्तमनं मधून बॉल घेतला. त्याच्यावर आमचे तिघं धावले. त्यानं मान वरसुद्धा केली नाही. बॉल डावीकडे दिला, अशा सवयीनं की तिथं कोण आहे हे बघायची गरज नाही. तिथं शाजी होता.

मी निवांत उभा होतो. आता हा उडी मारणार.

शाजीनं उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं बॉल थांबवला. बॉल त्याच्या पायाजवळ असा गप्प बसला जसं मांजर. एक पाऊल टाकलं. मान खाली. आणि त्यानं मारला. टायर सुटताना होतो तसा धप्पकन आवाज झाला. बॉल माझ्यापासून दूरच्या कोपऱ्यात, जमिनीलगत गेला. मी झेपही घेतली नाही. देणगीतून आणलेली, त्या दिवशी आम्हीच बांधलेली ती नवी जाळी मागं फुगली आणि परत सरळ झाली.

शाजी नाचला नाही, पळाला नाही. तो जागच्या जागी उभा राहून आपल्या उजव्या पायाकडे बघत होता. मग उत्तम आला आणि त्यानं त्याला उचललं.

आम्ही खाली गेलो. चाळीस वर्षांनी.

बुरूजच्या लोकांनी तिरडी नाही काढली. आदल्या वर्षीचे बांबू कुणीतरी मांडवाला वापरून टाकले होते. पण हलगी आमच्या चौकापर्यंत आली आणि बराच वेळ तिथंच वाजत राहिली. आमच्या पेठेत सगळे एकच विचारत होते : त्याला मोकळा कुणी सोडला? बॅकनी माझ्याकडे बोट केलं. मी काय सांगणार होतो? मी पण खरंच बोललो होतो. माझ्या माहितीप्रमाणे.

दिवेलागणीला मी तालमीच्या पायरीवर एकटा बसलो होतो. बाकीचे माझ्याशी बोलत नव्हते. समोरून शाजी आला. हातात पेढ्यांचा पुडा. पायरीवरचे दोघं-तिघं त्याला बघून उठून गेले. तो थेट आत गेला, वस्तादांच्या पाया पडला.

"चांगला मारलास," वस्ताद म्हणाले.

मग तो बाहेर येऊन माझ्या शेजारी बसला. पुडा दोघांच्या मध्ये ठेवला.

"कुणी शिकवलं?" शेवटी मीच विचारलं.

"उत्तमदादांनी. सात महिने. रोज सकाळी साडेपाचला. एवढंच शिकवलं, बॉल थांबवायचा आणि त्या कोपऱ्यात मारायचा. दुसरं काही न्हाई. म्हणले, तुझं वय गेलंय, एकच गोष्ट शीक, पण पक्की शीक."

"आणि त्यांना कळलं कधी, की तुला येत नाही?"

"पहिल्या दिवशी. पहिल्या बॉलला. मी उडी मारली."

"मग हाकललं कसं नाही?"

"बाकीचे तेच म्हणत होते. लई शिव्या दिल्या, तुम्हाला पण दिल्या. उत्तमदादा एकटे हसत होते. इतके हसले की खाली बसले. मग उठले आणि मला म्हणले, 'नऊ नंबर, तुला खेळायचंय का?'"

शाजीनं पुड्याची दोरी सोडली. "मी मलप्पुरमचा हाय दादा. पण हे मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं."

मला त्याच्याकडे बघवेना. मी पुड्यातला एक पेढा उचलला, कारण हाताला काहीतरी काम पाहिजे होतं. सांगायला लाज वाटते, पण पेढा फार चांगला होता.

"बुरूज ठेवतंय का पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

"न्हाई. म्हणले, एका गोलाचे पैसे फिटले, आता जा. दुकानात परत जातोय."

आतून वस्तादांचा खोकला ऐकू आला. खोटा खोकला, मला आता ओळखू यायचा. मी दुसरा पेढा घेतला, परत ठेवला.

"शाजी, आम्ही आता खालच्या गटात. पोरं सोडून चाललीत. पैसे नाहीत, नाष्ट्याला पोहेच." हे विचारणं किती जड जातं, ते मला तेव्हा कळलं. "आमच्यात खेळायचंय का तुला?"

तो अंधार पडत चाललेल्या चौकाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. चेहरा असा गंभीर की मला वाटलं, नाहीच म्हणतोय.

"येतो," तो म्हणाला. "पण बॉल देणार का?"